मयतांच्या यादीतला अकराशे सत्त्याऐंशी

मंगळवार, १५ जून

प्रिय लायल,

पाकिटावर संघटनेचा शिक्का नाही, तो मी मुद्दाम टाळलाय. शिक्क्याची पाकिटं तू न उघडता परत पाठवतोस आणि ती माझ्याच टेबलावर येऊन पडतात, म्हणून मला ठाऊक. हे घरचं पाकीट आहे. पत्ता मी स्वतः लिहिलाय आणि तिकिटं दोन लावणार आहे, कारण पत्र किती लांबेल याचा अंदाज नाही, आणि वजनापायी ते परत आलं तर माझ्याकडे दिवस उरणार नाहीत. अक्षर लागलं नाही तर खिडकीशी धरून वाच. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, उजव्याचं डॉक्टर नीट सांगत नाही. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाचं पत्र आहे, चुका असणारच, लाल पेन्सिल घेऊन बसू नकोस. आणि मधेच फाडू नकोस. एवढं एक माझं ऐक.

वाईट बातमी आधी सांगून टाकतो, पोटात ठेवून मला पुढचं सुचणार नाही. गेल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, वार्षिक सभेत, तीनशे चाळीस हिशेबतपासनीस तुझ्यासाठी उभे राहिले. तू वारलास म्हणून. अध्यक्षांनी तुझं नाव वाचलं, रीतीप्रमाणे सनदेचा क्रमांक वाचला, गाव वाचलं. लायल हॅन्सकॉम, अकराशे सत्त्याऐंशी, लिटल ॲश. सगळ्यांनी माना खाली घातल्या. खजिनदाराच्या हातात घड्याळ होतं, साठ सेकंद भरल्यावर त्याने घसा खाकरला आणि मग लोक बसले. तुम्ही लोक शांतताही मोजून पाळता. ती यादी मी केली होती, लायल. आणि शेवटून तिसऱ्या रांगेत भिंतीच्या बाजूला मार्ला उभी होती. तुझी मार्ला. तुझी मुलगी गेल्या गुरुवारपासून तुला मेलेला समजते आहे. ते कसं झालं आणि आता काय करायचं, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

मी अजून संघटनेच्या त्याच इमारतीत जातो. एकोणऐंशीवं चालू आहे. इमारत गरम ठेवायचा बॉयलर आता एक तरणा माणूस बघतो, खुर्च्या मांडायलाही दुसरे आहेत, माझ्याकडे टपाल आणि मयतांची यादी एवढंच राहिलंय. डोरीन, आमची आताची संचालिका, म्हणते, ऑर्विल, तू गेलास तर तुझं नाव यादीत घालणार कोण, म्हणून तुला जिवंत ठेवलाय. चांगली बाई आहे, तोंडाने फटकळ. राज्यभरातली गावोगावची साप्ताहिकं येतात, ती मी भिंगाखाली धरून वाचतो, कुणी सभासद गेला तर कात्रण कापतो, सनदेचा क्रमांक शोधून वहीत लिहितो. काम साधं आहे. एकोणीस वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात एकाच नावाचे दोघे जण एकाच जिल्ह्यात होते, तेव्हाही मी बरोबर मेलेलाच निवडला.

आता तू विचारशील, मग मी यादीत गेलो कसा? तूच गेलास. तीन वर्षं तू सनद टिकवायला लागणारे शिक्षणाचे तास कळवले नाहीस, वर्षाला चाळीस, त्यावर संघटनेने तुला तीनदा लिहिलं. तिसरं पत्र रजिस्टरने होतं, ते तुला सही करून घ्यावं लागलं असणार. त्यात एक फॉर्म होता, तासांतून सूट हवी असेल तर कारण सांगा म्हणून, आणि चार रकाने होते. निवृत्त, आजारी, परराज्यात, मृत. तू चौथ्या रकान्यात बरोबरची खूण केलीस, खाली झोकदार सही केलीस, चार ऑक्टोबर ही तारीख घातलीस आणि फॉर्म परत पाठवलास. त्या रकान्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कुटुंबीयांनी भरावे. मला ते बारीक अक्षर दिसलं आणि मी धरून चाललो की कुणीतरी कुटुंबीयाने भरलंय. सही मी पाहिलीच नाही. सही आहे एवढंच पाहिलं.

ही चूक मी एकट्याने नाही केली. फॉर्म सभासद विभागात गेला, तिथल्या मुलीने लाल टिक मारली. तिच्या वरच्या बाईने हिरवी मारली. वर्षअखेरीला खजिनदाराने निळी मारली. मी तो फॉर्म आता पुन्हा काढून पाहिलाय, तिन्ही खुणा जागच्या जागी आहेत. सही आहे, तारीख आहे, क्रमांक जुळतोय. मेलेल्या माणसाने सही कशी केली, हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नाही. मी लिटल ॲशचं साप्ताहिक तेवढं चाळून पाहिलं, तिथे तुझी बातमी नव्हती, तर मनात म्हटलं, त्यानेच सांगून ठेवलं असेल, छापायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. तुझा स्वभाव मला माहीत नाही का? आणि म्हणून, लायल, मी काय केलं ते ऐक. या वर्षी तुझ्या सनदेला चाळीस वर्षं झाली. सोन्याची पिन मिळणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव तिसरं होतं. ते मी माझ्या हाताने खोडलं आणि दुसऱ्या यादीत लिहिलं. त्या दिवशी दुपारची कॉफी घेतली नाही, मागच्या जिन्यावर जाऊन बसलो. तू पाइप ओढायचास आणि मी माझ्या बर्निसच्या हातचा केक डब्यातून काढायचो, तोच जिना. वर चारचौघांत मी तुला मिस्टर हॅन्सकॉम म्हणायचो आणि खाली आल्यावर लायल. तू मला वरही ऑर्विलच म्हणायचास, पण डब्यातला मोठा तुकडा मला ठेवायचास, ते मी विसरलेलो नाही.

सभा संपल्यावर लोक तुझ्याबद्दल काय बोलले, ते फार थोड्या माणसांना स्वतः कळतं, म्हणून लिहितो. व्हर्न ऑस्टरमन, तुझ्या जुन्या फर्ममधला, आता दोन खुर्च्या लागतील एवढा झालाय. तो पाणी पीत म्हणाला, "एका पानावर माझ्या नावाची आद्याक्षरं घालायची राहिली म्हणून ह्या माणसाने मला अख्खी फाइल पुन्हा करायला लावली होती. मी त्याचा तिरस्कार करायचो." मग म्हणाला, "आजही आद्याक्षरं घातल्याशिवाय पान उलटत नाही मी, च्यायला." दुसऱ्या एकाने विचारलं, "लायल गेला? समितीची परवानगी घेतली होती का त्याने?" सगळे हसले, वाईट हसू नव्हतं ते. शिस्त समितीचा असा अध्यक्ष पुन्हा झाला नाही, असं दोघा-तिघांनी म्हटलं. आणि एक म्हातारी बाई, नाव मला आठवत नाही, ती म्हणाली, "स्वतःच्या पोटच्या पोरीला सोडलं नाही त्याने." हे तिने कौतुकाने म्हटलं. मार्ला तिच्या पाठीशी चार पावलांवर कोट चढवत होती.

मी तिला आधी ओळखलंच नाही. छातीवरच्या चिठ्ठीवर मार्ला ड्रूरी लिहिलेलं होतं, लग्नानंतरचं नाव, शेजारच्या राज्यातल्या कुठल्याशा गावचं. केस पिकायला लागलेत तिचे. कपाळ तुझं. ती सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मिस्टर कुचेरा, यादी अजून तुम्हीच करता ना? बाबा गेले कधी?" मी म्हटलं, ऑक्टोबरात. ती म्हणाली, "कशाने?" आता मला काय माहीत कशाने! फॉर्मवर तो रकाना नव्हता. पण तिचा चेहरा असा होता की माहीत नाही हे म्हणवेना, म्हणून म्हटलं, झोपेत, काही त्रास झाला नाही. "पुरलं कुठे?" म्हटलं, तिथेच, गावाबाहेरच्या लुथरन चर्चमागे. लहान गावाला एक लुथरन चर्च असणारच, असा हिशेब केला. ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "मी पिन बघायला आले होते. चाळीस वर्षं होतात ना या वर्षी, मी मोजून ठेवलं होतं. म्हटलं, पिन घ्यायला तरी येतीलच, मागे बसून बघेन, आणि धीर झाला तर पुढे जाईन." अकरा वर्षांत ती पहिल्यांदाच त्या सभेला आली होती, लायल, आणि ती तुझ्यासाठी आली होती. आणखी एक गोष्ट तिने विचारली, आणि मी तिचंही उत्तर दिलं. ती शेवटी लिहितो.

शुक्रवारी सकाळी मला राहवेना. तिने पुन्हा काही विचारलं तर निदान खरं सांगता यावं, म्हणून तुझा फॉर्म काढला, तो भरून पाठवणारा कोण नातेवाईक आहे ते बघायला. आणि भिंगाखाली तुझी सही आली. हॅन्सकॉमच्या एचची ती फाटकासारखी दोन दांडकी. तू होतास तोवर मी तुझ्या सहीची पाकिटं टपालात टाकलीत, मला ती अंधारातही ओळखू येईल. मग तुझा नंबर फिरवला, तो बंद. मग डिरेक्टरीतून तुमच्या गावचं कॅफे काढलं आणि फोन लावून त्या बाईला विचारलं, लायल हॅन्सकॉम नावाचे गृहस्थ गेल्या ऑक्टोबरात वारले का? ती म्हणाली, "कोण, लायल? अहो, तासाभरापूर्वी इथे बसून त्याने माझं डोकं खाल्लं, अंडी जास्त शिजली म्हणून. मेला असता तर मला कळलं नसतं? सकाळच्या वेळी केवढी शांतता झाली असती इथे!" निरोप ठेवू का, असं तिने विचारलं. मी काही नाही म्हणून फोन ठेवला. असला निरोप कॅफेच्या काउंटरवरून ओरडून द्यायचा नसतो. मला आनंद झाला का? झाला, देवाशपथ झाला. आणि मागोमाग मार्ला आठवली, तेव्हा मी डोकं टेबलावर टेकवलं.

डोरीनला काल सांगितलं. तिने फॉर्म पाहिला, पुन्हा पाहिला आणि हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तीन माणसांनी तपासलं, ऑर्विल! तिघांनी! राज्यातल्या सगळ्या धंद्यांची कागदपत्रं आम्ही तपासतो!" मग तिला मार्लाचं सांगितलं तेव्हा तिने उठून दार लावलं. म्हणाली, "दुरुस्ती आपल्या पत्रिकेच्या जुलैच्या अंकात जाईल, अध्यक्षांचं माफीपत्र हॅन्सकॉमला जाईल, ते मी बघते. पण त्या मुलीला आजच्या आज सांग. की मी करू फोन?" मी म्हटलं, मी करतो. चार वेळा फोन उचलला. एकदा तर नंबरही फिरवला, तिकडे घंटा वाजली, आणि मी ठेवून दिला. तू म्हणशील, म्हातारा भित्रा आहे. आहेच. पण मार्लाला एकच गोष्ट सांगून भागत नव्हतं. एक सांगितली की दुसरी सांगावी लागणार होती, आणि ती दुसरी तिच्याआधी तुला सांगायला हवी. अकरा वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती.

ब्याण्णव सालचा नोव्हेंबर. आचारसंहितेचा वर्ग, चार तास, मधे जेवणाची सुट्टी, खालच्या मोठ्या खोलीत. मी दारावर होतो. दारावरच्या माणसाचं काम तुला माहीतच आहे, समितीचा तो नियम तूच लिहिला होतास. येणाऱ्याची सही घ्यायची, जाणाऱ्याची वेळ लिहायची, पन्नास मिनिटांचा एक तास धरायचा, आणि शेवटी कागदाच्या तळाला सही करायची, की मी पूर्ण वेळ दारात हजर होतो. तर दुपारी जेवणानंतर बॉयलर विझला. आदल्याच आठवड्यात मी असाच दार सोडून बॉयलरकडे गेलो होतो आणि तेव्हाच्या संचालकाने मला बजावलं होतं, कुचेरा, पुन्हा दार सोडलंस तर उद्यापासून येऊ नकोस. पण खोलीत साठ माणसं थंडीने आखडतील, पाइप फुटतील, हे डोक्यात. मी गुपचूप तळघरात उतरलो. वाटलं, पाच मिनिटांत येतो. ज्योत पेटेचना. वर आलो तेव्हा वर्ग सुटत होता, लोक दोन्ही दारांनी बाहेर पडत होते, कुणी सही केली, कुणी नाही. मार्लाही तुझ्याच पेशात, त्या वर्गाला आलेली; तिची येतानाची सही होती, सुटतानाची नव्हती. आणि मी कागदाच्या तळाला लिहिलं, पूर्ण वेळ दारात हजर. बर्निसचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं आणि तिचा विमा माझ्या नोकरीवर होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसं होतं, म्हणून सांगतो.

नंतर तुझ्या समितीने नेहमीसारखे काही कागद उपसून तपासले, त्यात तो निघाला. मार्लाने चार तास भरल्याचं लिहून दिलं होतं आणि कागदावर तिची जाण्याची सही नाही. तू मागच्या जिन्यावर आलास, पाइप पेटवला नाहीस. म्हणालास, "ऑर्विल, तू दारात होतास ना?" मी म्हटलं, होतो. "पूर्ण वेळ?" म्हटलं, पूर्ण वेळ. "मग ती सुटताना समोरून गेली असती तर तुला दिसली असती." मी काहीच बोललो नाही, आणि तू ते हो म्हणून घेतलंस. तक्रार तू स्वतः दाखल केलीस, सुनावणीतून स्वतः बाजूला झालास, ओठ आवळून बाहेर बसलास. लोक तुझं कौतुक करत होते, असा माणूस पाहिला नाही म्हणून. मी आत कॉफीचं भांडं ठेवायला गेलो तेव्हा मार्ला बोलत होती. चोवीस वर्षांची पोर. ती म्हणाली, "मी तिथेच होते. मागे, खोली गरम करणाऱ्या रेडिएटरला टेकून बसले होते, गार वाटत होतं म्हणून. पण जेवणानंतर तो रेडिएटरही थंड पडला, मग मी कोट अंगावर घेतला." लायल, त्या वाक्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. थंडी वाजली, कोट घेतला, त्यात काय? पण रेडिएटर जेवणानंतर थंड पडला हे खोलीत बसलेल्यालाच कळलं असतं, आणि का पडला ते फक्त मला. मी कॉफीचं भांडं टेबलावर ठेवलं, झाकण नीट बसवलं आणि बाहेर आलो. तू मला विचारलंस, कसं चाललंय आत? मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतंय.

पुढचं तुला माहीत आहे. एक वर्ष सनद बंद, पत्रिकेत नाव, नोकरी गेली. घरातून ती बॅगा घेऊन निघाली तेव्हा तू दारात उभा होतास आणि एक शब्द बोलला नाहीस, हे तूच मला नंतर सांगितलंस. तुला वाटत होतं, तिने आधी कबूल करावं. तिच्यापाशी कबूल करायला काही नव्हतंच, रे. दोन वर्षांनी तू फर्म विकलीस, लिटल ॲशला गेलास, कुणाचं पाकीट उघडेनासा झालास, आणि मी दर वर्षी म्हणत राहिलो, पुढच्या वर्षी सांगेन. बर्निस गेली त्याला सहा वर्षं झाली. विम्याचंही कारण उरलं नव्हतं. मग कशाची भीती होती? नुसती सवय झाली होती, बाकी काही नाही. तुझ्या फॉर्मवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, पण त्यात निदान तुझी थट्टा होती. माझ्या कागदात थट्टा नव्हती. या पत्रासोबत एक वेगळा कागद आहे, त्यावर मी सगळं लिहून सही केलीय, डोरीनने साक्षीदार म्हणून केलीय. त्याची एक प्रत तिने समितीकडे दिली. मार्लाचं नाव ज्या जागी छापलं होतं, त्याच जागी हे छापायचं, असं ती म्हणते. मला कामावरून काढतील तर काढोत. मला आता जिनाही चढवत नाही.

आता ती राहिलेली गोष्ट. गुरुवारी मार्लाने शेवटी विचारलं होतं, "माझ्याबद्दल काही बोलले का ते? कधी?" ती भिंतीला हात लावून उभी होती. मी म्हटलं, हो. म्हणायचा, मार्ला खोटं बोलली नव्हती. हे शब्द मी तुझ्या तोंडी घातले, लायल, तुला न विचारता, तू मेलास असं समजून. तिने तोंडावर हात धरला आणि निघून गेली. काल दुपारी तिचा फोन आला. आवाज वेगळाच होता, हलका. म्हणाली, शनिवारी मी लिटल ॲशला जाते आहे, कबरीपाशी. घरून पहाटे निघेन, बाराच्या सुमारास पोचेन. "त्यांना माफ केलंय की नाही ते तिथे उभी राहिल्यावर मला कळेल," म्हणाली. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. मी गाडी चालवत नाही आता, नाहीतर आज तुझ्या दारात आलो असतो. हे पत्र गुरुवारी पोचेल. वाचून झालं की कॅफेत जा आणि तिथून मला फोन कर, नंबर पाकिटाच्या मागे आहे. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तुझा आवाज आला नाही तर मी तिला फोन करून सगळं सांगेन, तू जिवंत आहेस हेही आणि मी काय केलं तेही. या वेळी नंबर फिरवून ठेवणार नाही. पण तू फोन केलास, तर तिला सांगायचं काम तुझं, शनिवारी, समोरासमोर. मी तिला जे सांगितलं ते तू कधी म्हणाला नव्हतास, मला माहीत आहे. आता म्हणता येईल. शनिवारी दाढी कर. टोपी घालू नकोस, कपाळ दिसू दे. आणि चर्चमागे, थडग्यांच्या दगडांमध्ये उभा राहू नकोस, लायल, ती एकदम घाबरेल. बाहेर रस्त्यावर ये, उन्हात उभा राहा, म्हणजे तिला तू लांबूनच दिसशील आणि गाडी हळू करायला वेळ मिळेल.

तू ठेवशील तर तुझाच,
ऑर्विल